घरच्या ऑर्किडचा फुलदांडा : मराठवाड्यातील नवशिक्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरमधील आमच्या घराच्या पूर्वेकडील गॅलरीत गेली नऊ वर्षे ऑर्किडची झाडे आहेत. त्यांपैकी निम्मी झाडे पहिल्या दोन वर्षांत माझ्याच हातून गेली, हे आधीच सांगितलेले बरे. खालील प्रश्न नातेवाईक, शेजारी आणि रोप भेट मिळालेल्या ओळखीच्या मंडळींनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. बहुतेक घरांत पहिले ऑर्किड म्हणून फॅलेनॉप्सिसच येते. रुंद, जाड पाने आणि दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंग-किड्यासारखी पसरट फुले ही त्याची ओळख असून ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये त्याला दिलेल्या नावाचा अर्थही ‘पतंगासारखे दिसणारे’ असाच आहे. त्यामुळे वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तर फॅलेनॉप्सिसचे आहे, असे समजावे.

फुलदांडा म्हणजे नेमके काय आणि तो झाडाच्या कोणत्या भागातून निघतो?

ज्या देठावर कळ्या येतात आणि फुले उमलतात, तो फुलदांडा. फॅलेनॉप्सिसला एकच खोड असते आणि ते पानांच्या तळाशी झाकलेले असल्यामुळे सहसा दिसत नाही. प्रत्येक पानाच्या बेचक्यात, म्हणजे पान खोडाला जेथे चिकटते तेथे, सुप्त डोळे असतात. त्यांपैकी एखादा जागा झाला की पानाचा तळ फोडून दांडा बाहेर येतो. हा डोळा बहुधा वरून तिसऱ्या किंवा चौथ्या पानाखालचा असतो. अगदी वरच्या कोवळ्या पानाखाली शोधत बसण्यात अर्थ नसतो.

ज्वारी पोटरीला आली की कणीस दिसत नाही, परंतु पोग्याचा फुगीरपणा हाताला जाणवतो. ऑर्किडचेही थोडेफार तसेच आहे. दांडा प्रत्यक्ष दिसण्याच्या आठ-दहा दिवस आधी पानाच्या तळाशी बारीकसा उंचवटा येतो आणि तेथील साल ताणल्यासारखी दिसते. तो उंचवटा नखाने उकरून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

नवे मूळ आणि नवा फुलदांडा यांतील फरक कसा ओळखावा?

हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पहिल्या हिवाळ्यात मी एका हिरव्या कोंबाची तीन आठवडे राखण केली, घरातील सर्वांना बोलावून तो दाखवला, आधारासाठी काडीही तयार ठेवली, आणि एके सकाळी पाहतो तो त्या कोंबाने मान खाली घालून कुंडीत शिरायला सुरुवात केली होती. ते मूळ होते.

तेव्हापासून मी तीन खुणा पाहतो. पहिली खूण टोकाची. मुळाचे टोक काडेपेटीच्या काडीच्या गुलासारखे सर्व बाजूंनी गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असते. त्याचा रंग हिरवा किंवा किंचित तांबूस असतो. दांड्याचे टोक चपटे असते आणि त्याची अणी मधोमध नसून एका अंगाला कललेली असते. भिजवलेल्या हरभऱ्याच्या दाण्याला जशी चोच असते, तसे ते दिसते. भिंगातून पाहिल्यास त्यावर एकमेकांवर चढलेल्या बारीक खवल्यांची रेघही दिसते. दुसरी खूण सालीची. मूळ बोटभर वाढले की टोकामागचा भाग पांढरट-रुपेरी होऊ लागतो, कारण हवेतील ओल शोषून घेणाऱ्या मृत पेशींचे आवरण त्यावर चढते. दांडा मात्र शेवटपर्यंत हिरवा किंवा जांभळट राहतो आणि त्यावर ठरावीक अंतराने पेरे दिसतात. प्रत्येक पेऱ्यावर एक लहान पापुद्रा असतो. तिसरी खूण दिशेची. दांडा उजेडाकडे वळतो आणि वर जातो, तर मुळाला उजेडाची ओढ नसते.

तिसऱ्या खुणेवर एकट्याने विसंबू नये. काही मुळे पहिले दोन-तीन सेंटिमीटर खुशाल वर जातात आणि मग वळतात. शंका असल्यास दहा-बारा दिवस थांबावे.

आमच्या झाडाला लांब, उसासारख्या कांड्या आहेत. त्याचा दांडा कोठून येईल?

ते बहुधा डेंड्रोबियम असावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फॅलेनॉप्सिसपेक्षा ते अधिक तग धरते, असा माझा अनुभव आहे. नेहमी मिळणाऱ्या जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या संकरित डेंड्रोबियममध्ये दांडा पूर्ण वाढलेल्या कांडीच्या शेंड्याजवळील पेऱ्यांतून निघतो. पाने गळून बोडकी झालेली जुनी कांडी निरुपयोगी समजून कापू नये, कारण ती हिरवी आणि भरीव असेल तर पुढच्या हंगामात तिच्यावरही दांडा येऊ शकतो. नोबिले प्रकारातील डेंड्रोबियमला लांब दांडा नसतोच. फुले कांडीच्या पेऱ्यापेऱ्यावर लगडतात आणि त्यासाठी हिवाळ्यात थंडीबरोबर पाण्याची टंचाईही लागते.

ऑन्सिडियममध्ये फुगीर कंदाच्या तळाशी, पानाच्या आवरणाआडून चपटा दांडा वर येतो. वांडाचा दांडा फॅलेनॉप्सिससारखाच पानाच्या बेचक्यातून निघतो, परंतु त्याला भरपूर प्रकाश आणि दमट हवा एकाच वेळी हवी असते. आपल्याकडे प्रकाश उदंड आहे. दमटपणाचे तेवढे बोलू नये. नवशिक्याने वांडापासून सुरुवात करू नये, असे मी स्पष्टच सांगतो.

फुलदांडा कोणत्या महिन्यात येतो आणि तो कशामुळे येतो?

फॅलेनॉप्सिसमध्ये दांड्याला जाग आणणारी मुख्य गोष्ट म्हणजे तापमानातील उतार. दिवसाचे तापमान २५ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे १८ ते २० अंश असे चार ते सहा आठवडे सलग मिळाले की सुप्त डोळा हलतो. याउलट तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिले, तर झाड कितीही सशक्त असले तरी पानांवर पाने काढत राहते आणि दांडा काढत नाही. व्यावसायिक उत्पादक याच गुणाचा उपयोग करतात. ते झाडे उबदार हरितगृहात रोखून धरतात आणि हवी त्या वेळी थंड दालनात हलवतात. म्हणूनच गणपतीच्या दिवसांतही दुकानात फुललेले रोप मिळते. ते रोप घरी आल्यावर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात फुलेल, अशी अपेक्षा ठेवू नये. घरी ते आपल्या गावाच्या हवेप्रमाणे चालते.

आता आपल्या गावाची हवा पाहू. ऑक्टोबरमधील उकाड्यात दिवसाचा पारा ३२-३३ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे झाड स्वस्थ असते. नोव्हेंबरमध्ये रात्री १५-१६ अंशांपर्यंत उतरतात आणि तेथून खऱ्या अर्थाने थंडीचा हिशेब सुरू होतो. त्यानंतर महिना-दीड महिन्याने, म्हणजे साधारण मार्गशीर्ष-पौषात, पानाआडून दांडा डोकावतो. शिवारात रब्बीची ज्वारी पोटरीत असते किंवा निसवलेली असते, तोच हा काळ होय. दांडा दिसल्यापासून पहिले फूल उमलेपर्यंत तापमानानुसार अडीच ते चार महिने लागतात. ही बेरीज केली की अडचण लक्षात येते. पौष संपता संपता दिसलेल्या दांड्याच्या कळ्या चैत्रात भरतात, आणि चैत्रात आपल्याकडे दुपारचा पारा ३८-३९ अंशांवर जाऊन हवा कोरडीठाक झालेली असते. दांडा आला, कळ्या आल्या, आणि फुले मात्र मिळाली नाहीत, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा मार्चमध्ये नसून नोव्हेंबरमध्ये असते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे एवढेच आहे की, हिशेब गुढीपाडव्यापासून मागे मोजावा. पाडव्यापर्यंत निदान पहिली तीन-चार फुले उमललेली हवी असतील, तर दांडा डिसेंबरच्या मध्यापर्यंत दिसायला हवा, आणि त्यासाठी झाडाला थंड रात्री शक्य तितक्या लवकर मिळायला हव्यात. मी कोजागरीपासूनच झाडे रात्री घरात ठेवणे बंद करतो. सिमेंटच्या घराच्या भिंती दिवसभर तापलेल्या असतात आणि बंद खोलीत मध्यरात्रीपर्यंत २६-२७ अंश सहज असतात. त्याच वेळी उघड्या गॅलरीत चार-पाच अंशांनी कमी भरतात. साधा तापमापक कुंडीजवळ टांगून आठवडाभर पहाटेचे आकडे वहीत टिपले, तर आपल्या घरातील सर्वांत थंड जागा कोणती, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. या एका बदलाने आमच्याकडील दांडे जवळजवळ तीन आठवडे लवकर येऊ लागले.

अर्थात सर्वच आमरींना, म्हणजे ऑर्किडना, थंडीची खूण लागते, असे नाही. सह्याद्रीत झाडांवर वाढणारी सीतेची वेणी पावसाळ्याच्या तोंडावर फुलते. प्रत्येक जातीचे घड्याळ निराळे असते.

मग थंडी जितकी जास्त, तितका दांडा चांगला, असे म्हणता येईल का?

नाही. फॅलेनॉप्सिस हे उष्ण कटिबंधातील झाड आहे. रात्री १२ अंशांच्या खाली जाऊ लागल्या की त्याला आत घ्यावे. परभणीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या आसपास येतो. अशा एका रात्रीत पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडतात आणि पुढे ते काळे होतात.

दोन वर्षे झाली, पाने गर्द हिरवीगार आहेत, तरीही दांडा येत नाही. असे का?

उत्तर प्रश्नातच आहे. गर्द हिरवी पाने पाहून आपल्याला बरे वाटते, परंतु ऑर्किडच्या बाबतीत तो प्रकाश कमी पडत असल्याचा पुरावा असतो. पाने पोपटी आणि गर्द हिरव्याच्या मधल्या रंगाची, कच्च्या कैरीच्या सालीसारखी असावीत. पानांच्या कडेला किंचित तांबूस झाक आली तर प्रकाशाची वरची मर्यादा गाठली, असे समजावे. काही लाल-जांभळ्या फुलांच्या झाडांची पाने मुळातच तांबूस असतात, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

फॅलेनॉप्सिसला साधारण १०,००० ते १५,००० लक्स प्रकाश पुरतो. मोबाइलवरील प्रकाश मोजण्याच्या सोयीने ढोबळ अंदाज येतो. तीही नको असेल तर दुपारी पानांवर हात धरून सावली पाहावी. सावलीची कड पुसट पण हाताचा आकार ओळखू येईल, इतपत असावी. सावली ठळक काळी पडली तर प्रकाश जास्त आहे, आणि सावलीच पडली नाही तर ते झाड दिवाणखान्यातील शोभेची वस्तू झाले आहे. पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सर्वांत उत्तम. पश्चिमेचे ऊन फेब्रुवारीनंतर पाने भाजते. गच्चीवर ठेवायचे असल्यास ७५ टक्के सावलीचे शेडनेट लागते. डेंड्रोबियमला ५० टक्के चालते.

दुसरे कारण वयाचे असू शकते. फॅलेनॉप्सिसला निदान चार-पाच पूर्ण वाढलेली पाने हवीत. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरचे) रोप काचेच्या बाटलीतून बाहेर आल्यापासून प्रथम फुलेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या दोन पानांच्या रोपाकडून पहिल्या हिवाळ्यात काही मागू नये.

कृषी सेवा केंद्रात ०:५२:३४ हे भरपूर स्फुरद (फॉस्फरस) असलेले खत मिळते. ते दिल्यास दांडा लवकर येईल का?

फळबागांच्या अनुभवावरून हा सल्ला सर्रास दिला जातो आणि देणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. परंतु फॅलेनॉप्सिसमध्ये दांडा सुरू होतो तो तापमानामुळे, स्फुरदाच्या जादा मात्रेमुळे नव्हे. खताचे काम झाडाला सशक्त ठेवण्याचे आहे. सशक्त झाडाचा दांडा जाड येतो आणि त्यावर कळ्या जास्त येतात, एवढेच.

त्याच केंद्रात मिळणारे विद्राव्य १९:१९:१९ नवशिक्याला वर्षभर पुरेसे आहे. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, आणि तेही मुळे आधी साध्या पाण्याने ओली करून द्यावे. शेतातील पिकाच्या मात्रेने दिल्यास मुळांची टोके जळून काळी पडतात. शेणखत, गांडूळखत किंवा माती कुंडीत घालू नये. मुळांना हवा हवी असते. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे भिजवून धुतलेले तुकडे किंवा पाइनची साल, यांपैकी जे मिळेल ते चालते.

दांडा किती वेगाने वाढतो? आमचा दांडा बोटभर होऊन थांबला आहे.

सुरुवातीला वेग फार कमी असतो. आठवड्याला एक-दोन सेंटिमीटर वाढला तरी समाधान मानावे. चार-पाच पेरे झाल्यानंतर वेग वाढतो आणि मग रोज सकाळी फरक डोळ्यांना दिसतो. टोकाशी मोहरीएवढ्या कळ्या दिसू लागल्या की लांबीची वाढ मंदावते आणि कळ्या फुगू लागतात. कळी दिसल्यापासून उमलेपर्यंत चार ते सहा आठवडे लागतात, आणि कळ्या तळाकडून टोकाकडे क्रमाने उमलतात.

कडाक्याच्या थंडीत दांडा पंधरा दिवस जागचा हलत नाही. टोक हिरवे आणि टणक असेल तर काळजी नको. टोक पिवळे पडून सुकले असेल, तर ते कशाने तरी मारले आहे: कीड, झटका किंवा कोरडेपणा. अशा वेळी दांडा मुळासकट काढून टाकू नये. खालच्या पेऱ्यांतील डोळे जिवंत असतात आणि त्यांतून फांदी फुटते. मांजराने तोडलेल्या एका दांड्याला आमच्याकडे दोन फांद्या फुटल्या, त्यामुळे मांजराला क्षमा करण्यात आली.

एक धोका मात्र विशेष आपल्याकडचा आहे. जानेवारीत कधी कधी आठवडाभर अचानक उबारा येतो. दांडा अगदी कोवळा असताना उष्णता फार वाढली तर तो तेथेच थांबतो किंवा फुलाऐवजी पाने काढू लागतो. अशा दिवसांत कुंडी दुपारी उत्तरेच्या, सावलीच्या बाजूला हलवावी.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. ते चालेल का? आणि पाणीटंचाईच्या भागात ऑर्किड लावणे योग्य आहे का?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आमच्या गावाला पाणी आणावे लागले होते, त्यामुळे हा प्रश्न मला टोचतो आणि तो टोचायलाच हवा. हिशेब असा आहे: १२ सेंटिमीटरच्या कुंडीला एका वेळी अर्धा लिटर पाणी ओतले तरी त्यातील बरेचसे खाली निथळते आणि ते तुळशीला घालता येते. हिवाळ्यात हे आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात तीन दिवसांतून एकदा. गुलाबाच्या एका कुंडीलाही यापेक्षा जास्त लागते.

खरी अडचण पाण्याच्या गुणाची आहे. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार मुळांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटे धरतात, मुळांची शोषणशक्ती घटते आणि दांडा आखूड राहतो. सर्वांत चांगले पाणी पावसाचे. पावसाळ्यात पत्र्यावरून उतरणारे पहिले एक-दोन पाऊस सोडून पुढचे पाणी झाकणाच्या २०० लिटरच्या पिंपात साठवले, तर पाच-सहा झाडांचा हिवाळा सहज निघतो. ते संपल्यावर आरओचे गाळलेले पाणी वापरावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र देऊ नये. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक घरांत ते कुंड्यांना घातले जाते, परंतु त्यात सर्व क्षार एकवटलेले असतात आणि ऑर्किडला ते विषासारखे आहे.

पाणी सकाळी द्यावे आणि पानांच्या मधल्या पोग्यात साचू देऊ नये. साचल्यास कापसाने टिपून घ्यावे, नाहीतर शेंडा कुजतो.

दांड्याला आधार केव्हा आणि कसा द्यावा?

दांडा वीतभर झाला की द्यावा. पाणी घातल्यानंतर लगेच दांडा रसाने ताठ भरलेला असतो आणि वाकवताच काकडीसारखा कडकन मोडतो. म्हणून पाण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो थोडा लवचीक असताना हे काम करावे. बांबूची बारीक काडी मुळे चुकवून कडेने खोचावी आणि पेऱ्याच्या लगेच खाली सुती दोऱ्याची सैल गाठ द्यावी. एका दिवसात हवा तसा बाक आणण्याचा हट्ट धरू नये. दर चार दिवसांनी थोडा थोडा वळवावा.

दांडा दिसल्यानंतर कुंडी फिरवू नये. दांडा उजेडाच्या दिशेने जातो. कुंडी फिरवली की तो पुन्हा वळतो आणि शेवटी फुलांची तोंडे चहूकडे होतात. कुंडीच्या खिडकीकडील बाजूला खडूने खूण करावी, म्हणजे झाडलोट करणाऱ्यालाही ती परत त्याच दिशेने ठेवता येते.

दांड्यावर चिकट, पारदर्शक थेंब दिसतात. हा रोग आहे का?

बहुधा नाही. कोवळा दांडा आणि कळ्यांचे देठ स्वतःच गोड रस पाझरतात. तथापि मुंग्यांची रांग लागली असेल तर भिंग घेऊन पेऱ्यावरील पापुद्र्यांच्या आत आणि पानांच्या मागे पाहावे. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तेथेच लपतात आणि त्यांचाही स्राव चिकट असतो. थोडी कीड असल्यास स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावी. कळ्या वेड्यावाकड्या होऊन त्यांवर तपकिरी ओरखडे दिसले, तर ते काम बहुतकरून फुलकिड्यांचे असते.

कळ्या भरत आल्या असताना पिवळ्या पडून गळतात. काय चुकते?

सर्वांत जास्त मनस्ताप देणारा हाच प्रकार आहे, आणि त्याचे कारण एकच नसते. सुरुवात हवेच्या कोरडेपणापासून करावी. फॅलेनॉप्सिसला ५० ते ७० टक्के आर्द्रता हवी असते आणि मार्चमधील दुपारी आपल्याकडे ती २०-३० टक्क्यांवर येते. कळी ही झाडावरील सर्वांत कोवळी गोष्ट असल्यामुळे झाड प्रथम तिचा बळी देते. पसरट ट्रेमध्ये वाळू भरून ती ओली ठेवावी आणि कुंडी त्यावर विटेच्या तुकड्यावर ठेवावी, म्हणजे बूड पाण्यात राहत नाही. गॅलरीला ओले गोणपाट लावल्यास फरक लगेच जाणवतो. कूलर असलेल्या खोलीत झाड ठेवणे चांगले, परंतु त्याच्या झोतात नव्हे. मी पहिल्या वर्षी झाड कूलरसमोर ठेवले होते आणि चार दिवसांत सात कळ्यांपैकी पाच गमावल्या.

दुसरे कारण जागाबदल. कळ्या आल्यावर झाड पाहुण्यांना दाखवण्यासाठी गॅलरीतून दिवाणखान्यात आणले जाते. उजेड, हवा आणि तापमान तिन्ही एका दिवसात बदलतात. निदान दोन-तीन फुले उमलेपर्यंत धीर धरावा. पाण्याचा एकदा दुष्काळ आणि एकदा सुकाळ झाला, तरीही हाच परिणाम होतो.

तिसरे कारण कोणाच्या सहसा लक्षात येत नाही. पिकणारी फळे इथिलीन हा वायू सोडतात आणि ऑर्किडच्या कळ्या त्याला अतिशय संवेदनशील असतात. एके वर्षी उशिरा आलेल्या दांड्याला उन्हापासून वाचवावे म्हणून मी झाड घरातील सर्वांत गार, आतल्या खोलीत नेले. त्याच खोलीत पलंगाखाली केसर आंब्याची आढी घातलेली होती. तिसऱ्या दिवशी कळ्यांचा हिरवा रंग फिकट झाला, चौथ्या दिवशी देठाशी पिवळेपणा आला आणि नुसता दोरा सोडायला हात लावला तर चार कळ्या तळहातात पडल्या. आंबे मात्र उत्तम पिकले. तेव्हा आढी, केळ्यांचा घड आणि कळ्यांचा दांडा एका खोलीत ठेवू नये.

घरातील ज्येष्ठ मंडळी म्हणतात की हे बांडगूळ आहे. ते खरे आहे का?

गैरसमज स्वाभाविक आहे, कारण दोन्ही झाडांच्या फांद्यांवर दिसतात. वांडा हे नावदेखील संस्कृतातील ‘वंदा’ या बांडगुळासाठीच्या शब्दावरून आलेले आहे. परंतु बांडगूळ यजमान झाडाच्या सालीत शिरून रस घेते. ऑर्किडची मुळे फांदीला फक्त धरून राहतात आणि आपले पाणी हवेतून व पावसातून मिळवतात. मात्र म्हणून रानातील आमरी काढून आणू नये. ती घरी बहुधा जगत नाही, आणि ऑर्किडच्या रानटी जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंधही आहेत.

अशक्त झाडाला दांडा आला आहे. ठेवावा की कापावा?

दोनच पाने उरली असतील, ती सुरकुतलेली असतील आणि कुंडीतील मुळे पिचल्यावर पोकळ लागत असतील, तर दांडा कापावा. मरणाऱ्या झाडाचा तो शेवटचा प्रयत्न असू शकतो. एका रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या बाबतीत मला हे जमले नाही. त्याच्या मुळांभोवती ओल्या शेवाळाचा घट्ट गोळा होता, त्याच्या आत आणखी एक प्लास्टिकचा पेला होता आणि मुळे आधीच कुजलेली होती. फुले सुंदर आली, आणि पावसाळ्याआधी झाड गेले. नवे रोप आणल्यावर हा आतला पेला आहे की नाही, हे प्रथम तपासावे. निरोगी झाडाची कुंडी मात्र दांडा असताना बदलू नये.

फुले गळून गेल्यावर दांड्याचे काय करावे?

दांडा तपकिरी होऊन वाळला असेल तर बुडाशी कापावा. हिरवा असेल आणि झाड धष्टपुष्ट असेल, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेऱ्याच्या बोटभर वर कापल्यास त्या डोळ्यातून फांदी फुटून पुन्हा काही फुले येऊ शकतात. पुस्तकी दृष्टीने हे बरोबर आहे. मात्र आपल्याकडे दांडा रिकामा होतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि त्यानंतर दुसऱ्यांदा फुलवण्याचा आग्रह म्हणजे वैशाखात झाडाला ओझे वाहायला लावणे आहे. मी हिरवा दांडाही बुडाशीच कापतो. पाते ज्योतीवर धरून किंवा स्पिरिटने पुसून घ्यावे आणि कापलेल्या तोंडाला चिमूटभर दालचिनीची पूड लावावी. ती मुळांवर पडू देऊ नये, कारण ती मुळे सुकवते.

कधी कधी दांड्याच्या पेऱ्यातून फुलाऐवजी दोन चिमुकली पाने निघतात. त्या बाळरोपाला केइकी म्हणतात. हवाई बेटांवरील भाषेत त्याचा अर्थ मूल असा आहे. असे झाल्यास दांडा कापू नये. बाळरोपाला दोन-तीन पाने आणि बोटभर लांबीची निदान तीन मुळे येईपर्यंत, म्हणजे बहुधा पुढच्या पावसाळ्यापर्यंत, ते आईच्या अंगावरच राहू द्यावे. नंतर दांड्याचा एक-एक इंच तुकडा दोन्ही बाजूंना ठेवून ते कापावे आणि लहान कुंडीत कोळशाच्या बारीक तुकड्यांवर बसवावे.